कलमी रगात

समोर कुठलाही कुत्रा आला की ते आधी उकिडवे बसायचे, त्याच्या मागच्या मांडीत अंगठा रुतवायचे आणि डोळे मिटून क्षणभर थांबायचे. मग निकाल लागायचा. "कलमी." नाहीतर तोंड वाकडं करून, "रायवळ." तिसरी जात त्यांच्या लेखी या जगात नव्हतीच.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कोयीतून आपलं आपण उगवलेलं आंब्याचं झाड म्हणजे रायवळ. आंबट निघेल, गोड निघेल, देवाला ठाऊक. आणि नावाजलेल्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधून केलेलं ते कलम. ज्यांची ही गोष्ट, ते काका कलमं बांधायचे. आचऱ्याच्या आतल्या अंगाला त्यांची बाग, आणि त्यांच्या हातचं कलम मरत नाही अशी ख्याती पार शिरोड्यापर्यंत. त्या हाताचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवायचेही नाहीत.

मी तिथल्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून नवीन रुजू झाले होते, तेव्हा एक भलाथोरला अल्सेशियन घेऊन ते आले. कुत्र्याआधी त्यांनी मलाच तपासलं.

"खयची गो तू?"

"कणकवलीची."

"आणि आवस?"

"आवस मालवणची."

"म्हणजे खुंट हयचोच. बरा आसा. सुई मार."

खुंट म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते मूळ रोप. मला आयुष्यात बरीच प्रशस्तिपत्रकं मिळाली, पण असं दुसरं मिळालं नाही.

त्यांच्याकडे कुत्रे आले ते वांदरांमुळे. तुम्ही आंब्याच्या दिवसांत कधी आमच्याकडे आलात तर पाहाल, वांदरांची टोळी बागेत उतरली की खाते थोडं आणि नासते फार. कुणी मुंबईकर पाहुणा आपला अल्सेशियन सांभाळायला म्हणून त्यांच्याकडे ठेवून गेला आणि न्यायला परत आलाच नाही. त्याचं नाव कॅप्टन. मी त्याला पाहिलेलं नाही, पण त्याच्याबद्दल इतकं ऐकलंय की तो समोरून आला तर ओळखेन. कॅप्टन बागेत असताना वांदर कुंपणावरसुद्धा बसत नसत म्हणे. ऐन भरात असताना त्याला कातळावर फुरसं चावलं आणि तो गेला. पण तोवर त्याची पिल्लं झाली होती, आणि त्या पिल्लांमधून यांचं कुत्र्यांचं घराणं उभं राहिलं.

पिल्लू ते कधी विकत नसत. "पोटचा कोण इकता काय?" म्हणायचे. ज्याला द्यायचं त्याची बाग बघून द्यायचे, आणि एकच अट घालायचे. कुत्री माजावर आली की ती यांच्याकडेच आणायची. बाहेरचा कुत्रा लावायचा नाही. "एकदा रायवळ घुसला की सगळा गेला." लोक अट पाळायचे. आमच्या भागात माणूस वकिलाचं ऐकणार नाही, डॉक्टरचं तर नाहीच नाही, पण कलमवाल्याचं ऐकतो.

आणि इथेच घोळ झाला. त्यांनी कॅप्टनला त्याचीच लेक लावली होती. पुढे भावाला बहीण, आज्याला नात. मी एकदा बागेत चहा पिता पिता वाद घातला.

"काका, कलमाक आवस-बापूस नसता. काडी ज्या झाडाची, झाड ताच. पिल्लाचा तसा नाय. पिल्लू म्हणजे कोय. अर्दा आवशीचा, अर्दा बापाशीचा."

"आणि आवस-बापूस एकाच रगताची असली तर?"

"तर काय?"

"तर कोय पण कलमी!" मांडीवर थाप मारून ते असे हसले, की जणू मला त्यांनी कोर्टात हरवलंय.

"आणि त्या रगतातच कीड असली तर?"

"कीड दिसता."

"नाय दिसली तर?"

"माका दिसता."

मी चहा संपवला.

मग मोगरी चालताना आवाज करायला लागली. मोगरी ही कॅप्टनची पोरगी, त्या वेळी म्हातारपणाकडे झुकलेली, आणि आवाज म्हणजे नखांचा. मागच्या पायाची नखं घरापुढच्या, शेणाने सारवलेल्या खळ्यावर घासत जायची. त्यांनी मला बोलावलं ते कुत्री दाखवायला नव्हे; दवाखान्यात काय उपाय आहे हे नुसतं विचारायला. निदान त्यांनी आधीच केलं होतं.

"अंगावरसून वारा गेला हिच्या. चोळतंय. बरा होतला."

ते रोज सकाळी निर्गुडीचं तेल कोमट करून मोगरीची कंबर चोळायचे. काकी, म्हणजे त्यांची बायको, ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. मूलबाळ नव्हतं, घरात ती दोघं आणि कुत्रे. काकी फारसं बोलत नसत, पण बोलल्या की नेमकं लागायचं. "माझी कंबर दुकता तेवा तेल संपलेला असता," म्हणाल्या. ते हसले, मीही हसले, मोगरीने शेपटी हलवायला घेतली. शेपटी हलली नाही.

मी मोगरीचा मागचा पंजा उचलला आणि उलटा करून, तळवा वर, जमिनीवर टेकवला. धडधाकट कुत्रा असा पंजा क्षणात सरळ करतो. कुणाला आवडेल तसं उभं राहायला? मोगरीने केला नाही. पंजा तसाच राहिला, आणि ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या पायाने तिला काही कळवलंच नव्हतं.

"दुकता काय गो तिका?" त्यांनी विचारलं.

"नाय काका. दुकणा नाय."

"मगे बरा," ते म्हणाले. मी तो पंजा माझ्या हाताने सरळ करून ठेवला.

कणकवलीला नेऊन एक्स-रे काढला, मणका साफ होता. आचऱ्याच्या देवळात नारळ ठेवून झाला. एकाने सांगितलं म्हणून जुन्या वाटेवर कोंबडा देऊन झाला. मोगरी आधी मागच्या पायांनी बसली, मग लघवीचं भान गेलं, मग पुढचे पायही सुटले. अशा वेळी आम्ही डॉक्टर कायमचं झोपवायचं इंजेक्शन सुचवतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि तेलाची वाटी उचलून तिच्याकडे गेले. ती आपल्या वेळेने गेली.

वर्ष सरलं नसेल, एका काजूवाल्याने आपला कुत्रा दाखवायला आणला. तोही कॅप्टनच्या घराण्यातला. तीच नखं, तसाच उलटा पंजा. मग तारकर्लीच्या एका घरगुती खानावळीचा. मग आणखी एक. तेव्हा मात्र मी त्यांच्या खळ्यात जाऊन बसले आणि म्हटलं, गालाच्या आतून कापसाने पुसून घेऊ आणि तपासायला पाठवू. दूरच्या शहरात अशी प्रयोगशाळा आहे. त्या वेळी त्यांच्याकडे राजा होता, दुसरं कुणी उरलं नव्हतं. राजा नुकता वयात आलेला. मी दवाखान्यात हजारो कुत्रे पाहिलेत, पण तसं जनावर पाहिलं नाही. छाती, चाल, नजर, सगळं कुणी बसून घडवल्यासारखं. ते म्हणायचे, "इतकी वर्सां बांधलंय, ता ह्येच्यासाटी."

"घे पुसून," ते म्हणाले. "माझो पण गाल पूस होयो तर."

उत्तर फोनवर आलं. मी संध्याकाळी बागेत गेले. ते पाणी घालत होते, राजा पायाशी होता. मी सांगायला तोंड उघडलं, "काका, त्या तपासणीमध्ये असं आढळलं आहे, की..."

त्यांनी हातातली कळशी खाली ठेवली.

"मराठीत बोलाक लागलंस. म्हणजे वायट आसा."

खरं होतं. आम्ही इकडची माणसं वाईट बातमी मराठीतच सांगतो. कचेरीत, इस्पितळात, बँकेत. आपल्या भाषेत ती तोंडातून बाहेर पडत नाही. मला ते तोवर ठाऊकच नव्हतं.

"आपल्या भाषेत सांग," ते म्हणाले.

मग मी सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण हे कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. या आजारात पाठीच्या कण्यातले मज्जेचे धागे हळूहळू मरत जातात. औषध नाही. त्याचं मूळ एका जनुकात असतं, आणि त्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येक कुत्र्याकडे असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक खराब असली तर दुसरी निभावून नेते. तो कुत्रा ठणठणीत जगतो, फक्त खराब प्रत पुढे वाटत राहतो. दोन्ही खराब असल्या तर धोका. आणि हा धोका उतारवयात उगवतो, तोवर पिल्लं होऊन गेलेली असतात. कॅप्टन भर जवानीत फुरसं चावून मेला, म्हणून त्याच्या रक्तात काय होतं हे कधी दिसलंच नाही. पुढे बापाला लेक लावत गेल्याने खराब प्रतीला खराब प्रतच भेटत गेली. राजाच्या दोन्ही खराब होत्या.

"म्हणजे ह्यो पण बसतलो?"

"होतलाच असा नाय, काका. काय काय कुत्र्यांक दोन्ही असान पण होणा नाय. धोको आसा. खात्री नाय."

ते खाली बसले. राजाच्या मांडीत अंगठा रुतवून बराच वेळ राहिले. डोळे मिटले नव्हते.

"हयसर कायच लागणा नाय माका," ते म्हणाले. "कायच."

मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. त्यांनीही पुसायला सांगितलं नाही.

राजाचा वंश ठेवायला एक वाट होती, आणि ती मी प्रामाणिकपणे दाखवली. बाहेरची, तपासून निर्दोष ठरलेली मादी आणायची. पिल्लांना एकच खराब प्रत मिळेल. एकही पिल्लू या आजाराने बसणार नाही. ते लक्ष देऊन ऐकत होते. डोळ्यांत आशा आलेली मला दिसली.

मग काही दिवस ते फिरकले नाहीत. आले ते सरळ टेबलापाशी.

"तीं पिल्लां मी लोकांक देतलंय," ते म्हणाले. "लोक तेंका खंय नेतले? हयच, आजूबाजूक. आणि हयचे सगळे कुत्रे माझ्याच रगताचे. लोक परत आपापसात लावतले. कित्याक लावतले? मीच शिकवलंय म्हणान. बरोबर मा?"

"होय."

"मगे बंद. सगळा बंद. एकान एक खच्ची करूया. हत्यारां धुवन ठेव."

एवढ्या वर्षांत दिलेला एकेक कुत्रा शोधत ते घरोघरी गेले. मी म्हटलं होतं की मी निरोप पाठवते, तर कडाडले, "माझ्या हातान दिलंय, माझ्या तोंडान सांगतलंय." त्यांच्या स्कूटरच्या मागे बसून काही घरांना मीही गेले. ते काही मिरवत जाण्यासारखं काम नव्हतं. तो काजूवाला, ज्याचा कुत्रा आधीच बसला होता, तो भर अंगणात ओरडला. "कलमवालो म्हणान इस्वास ठेवलंय तुमच्यार!" ते खाली मान घालून उभे राहिले. एरवी मी त्यांना मान खाली घातलेलं कधी पाहिलं नाही.

आचऱ्याच्या किनाऱ्यावर एक मासे विकणारी होती, तिच्याकडे यांनी दिलेली कुत्री. तिने कोयता न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ही म्हातारपणी बसतली?"

"बसात. नायतर नाय पण बसाची."

"माझो घोव चाळिशीतच बसलो," ती म्हणाली. "तेका खंय टाकलंय मी? बसली तर बसली. जावा."

परत येताना स्कूटरवर ते एकदम हसायला लागले. हसता हसता स्कूटर बाजूला घेतली, कडेच्या दगडावर बसले आणि हुंदके द्यायला लागले. मी शेजारी बसून राहिले. रस्त्यावरून जाणारे दोघे-चौघे ओळखीचे थांबले, आणि काही न विचारता पुढे गेले.

लोकांनी कुत्रे आणले. सगळ्यांनी लगेच नाही, पण एकेक करत. नरांना खच्ची केलं, माद्यांची ऑपरेशनं केली. प्रत्येक वेळी ते हजर. भूल चढेपर्यंत कुत्र्याचं डोकं दोन्ही हातांत धरून त्याच्या कानात काहीतरी बोलत राहायचे. काय बोलायचे ते मी विचारलं नाही.

राजाला त्यांनी शेवटी आणलं. सगळे झाले, आता कधी आणताय, असं मी विचारत नव्हते. ते स्वतःच दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन परत गेले होते. तिसऱ्यांदा आत आले. मी सुरी उचलली तसं म्हणाले, "वायच थांब." मी थांबले. त्यांनी राजाला पायापासून कानापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं.

"ह्येच्यापेक्षा बरो माझ्या हातान दुसरो होवचो नाय," ते म्हणाले. "कर."

त्यानंतरची वर्षं त्यांनी राजाच्या मागे चालण्यात घालवली, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. ते कुत्र्याच्या पुढे कधी चालायचेच नाहीत. कायम मागे, नजर पायांवर. पाऊल जरा अडखळलं की यांचा चेहरा पांढरा. कधी दगड असायचा, कधी नुसती ओल. "खात्री नाय" हे माझे शब्द मला नंतर फार छळत राहिले. खात्री असती तर निदान ते कुत्र्याच्या बरोबरीने चालले असते.

आणि एका सकाळी नखं घासली.

या वेळी वारा गेला असं ते म्हणाले नाहीत. नारळही ठेवला नाही. काकींचं एक जुनं लुगडं फाडून त्याचा पट्टा केला, तो राजाच्या पोटाखालून घेतला, आणि दोन्ही टोकं हातात धरून त्याचं मागचं अंग उचलून धरायला लागले. पुढचे दोन पाय राजाचे, मागचे दोन यांचे. असे ते रोज बागेत जायचे. स्वतःचीही सत्तरी उलटलेली, धाप लागायची. मी एकदा दबकत इंजेक्शनचं बोलले.

"डोळे बघ तेचे," ते म्हणाले. "पुढचो अर्दो अजून कॅप्टन आसा."

ते गेले आंब्याच्या दिवसांत, भर दुपारी. बागेत एका कलमाला टेकून बसले ते उठलेच नाहीत. राजा शेजारी होता. तो भुंकत होता, घरापर्यंत ऐकू येत होतं. पण वांदरांच्या दिवसांत कुत्रा भुंकला तर कोण उठून बघतं? आधीचा राजा असता तर धावत येऊन काकींचा पदर ओढला असता. काकी जेवायला हाक मारायला गेल्या तेव्हा कळलं.

बारावं-तेरावं झाल्यावर मी काकींना म्हटलं, "राजाचा आता मी बघतंय. तुमी त्रास घेव नको." त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पट्टा हातात घेतला. बारीक अंगाची बाई. राजाचं वजन तिच्याएवढंच असेल. बागेपर्यंत जमायचं नाही, मग ओटीवरून खळ्यापर्यंत. शेजारी म्हणायचे, म्हातारीला वेड लागलंय. तेलही त्या कोमट करायच्या.

पावसाळा संपत आला तेव्हा त्यांचा फोन आला. "बाय, तो आज पुढसून पण उटलो नाय. श्वास लागता तेका. ये तू."

मी गेले. राजा ओटीवर कुशीवर पडला होता. मान उचलेना. डोळे फिरत होते, आणि फाटकाचा आवाज झाला की कान उभे राहत होते. कोण येणार म्हणून उभे राहत होते, ते मला आणि काकींना दोघींनाही ठाऊक होतं. मी इंजेक्शन भरलं.

"वायच थांब," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी लुगड्यावर काकांचा सदरा घातला होता. बागेत जायचा, आंब्याच्या चिकाचे काळे डाग पडलेला, त्यांच्या जाण्यानंतर न धुतलेला. त्या खाली बसल्या आणि त्यांनी राजाचं डोकं मांडीवर घेतलं.

"तेका वाटांदे, ते इले."

राजाने वास घेतला. एकदा, मग पुन्हा, लांब. त्याच्या घशातून बारीक आवाज आला, फिरून आलेल्या माणसाला घरचा कुत्रा देतो तसा. शेपटी कधीचीच गेली होती, पण पुढचा एक पंजा हलला.

"दी आता," काकी म्हणाल्या.

मी दिलं. कान हळूहळू खाली आले. काकींनी त्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "त्येंच्या रगताचा आता खंयच कोण रवला नाय मा?"

मी मराठीत काहीतरी बोलायला लागले आणि ते वाक्य तिथेच सोडलं.

"नाय, काकी," मी म्हटलं.

त्यांनी राजाचं डोकं अलगद खाली ठेवलं, उठल्या, आणि मला न विचारता चुलीवर चहा ठेवला. सदरा त्यांच्या अंगावरच होता. बाह्या हातांहून लांब होत्या, कपावर येत होत्या. त्या त्यांनी दुमडल्या नाहीत.